अवतरणातला मेला

३ फेब्रुवारी, सोमवार

आज मालकांनी विचारलं, "एक बटण दाबलं की होईल ना?" आणि मी "हो" म्हणालो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाने स्वतःची चूक इतक्या खणखणीत आवाजात करावी, म्हणून ही वही.

मी मुद्रितशोधक. पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ, टिंबं, स्वल्पविराम जागेवर आहेत की नाहीत ते पाहतो. प्रकाशनाचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तीन खोल्यांत आहे. खाली चाकातली हवा सुटली की वर मालकांचं मत बदलतं. सध्या हातात माझ्या ताईची कादंबरी आहे. ताई निवृत्त परिचारिका. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा वर्षं शाळकरी वह्यांत लिहून तिने सहाशे बारा पानं केली. तिचं हे पहिलं आणि तिच्याच म्हणण्याप्रमाणे शेवटचं पुस्तक.

वाचनालयांच्या निवड समितीने घेतलं तर मालक छापणार, नाहीतर हस्तलिखित परत. समितीच्या सचिवांचं पत्र आज आलं. पात्रांच्या तोंडी 'मेला, मेली, मेलं, मेल्या' हा अपशब्द अतोनात आहे, तो सौम्य करून दहा तारखेपर्यंत मजकूर पाठवावा. पर्यायही त्यांनीच सुचवलाय : 'भला, भली, भलं, भल्या'. म्हणजे "मेल्या, दार लाव" याऐवजी "भल्या, दार लाव".

अडचण अशी की आपल्या भाषेत माणूस दोन प्रकारे मेला असू शकतो. एक, जीव जाऊन. दुसरा, वेळेवर दूध न आणून. ताईच्या कादंबरीत दोन्ही प्रकार मुबलक आहेत. मधल्या भागात तर साथच आहे.

ताईला फोन केला. वाटलं होतं भडकेल. पण म्हणाली, "काढ. बोलण्यातला काढ. पण अवतरणाबाहेरच्यांना हात लावायचा नाही. माझी मेलेली माणसं मेलेलीच राहिली पाहिजेत."

"एवढ्या सहज तयार झालीस?"

"सहज कसलं मेल्या. सत्तरी आली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बारा तारखेला आहे. दोन्ही डोळ्यांनी पुस्तक बघायचंय मला. आणि ऐक, एक जरी माणूस चुकून जिवंत केलास ना, तर तुझं तोंड बघणार नाही."

४ फेब्रुवारी

अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात कंसबाई म्हणतो. त्या एक वाक्य मोठ्याने बोलतात आणि दुसरं हळूच, त्याच श्वासात. हळूच बोललेलं मी कंसात लिहितो.

"सर, हे रेग्युलर एक्स्प्रेशनने होईल. (तुम्हाला जमायचं नाही.)"

"म्हणजे काय?"

"शब्द शोधायचा नाही, शब्दाचा साचा शोधायचा. असा असा आकार दिसला की पकड, असं मशीनला सांगायचं. (माणसांनाही सांगून बघितलंय. कळत नाही.)"

साचा टंकला : 'मेल' आणि त्यानंतर काना, मात्रा, वेलांटी, टिंब किंवा 'या'. सगळीकडे 'भल' घाल म्हटलं. बटण दाबलं. झालं! मालकांना हाक मारणार तेवढ्यात कंसबाई म्हणाल्या, "बघा तरी. (हसू नका.)"

पान नऊवर मजुराने डोक्यावर घभलं उचललं होतं. पान सोळावर पौर्णिभला भरती आली होती. पान तीसवर सैन्य मोहिभला निघालं होतं आणि पान एकतीसवर सेनापती कपाळावर हात मारून म्हणत होता, "हा काय झभला!"

घमेल्यात मेलं आहे, झमेल्यात मेला आहे आणि पौर्णिमेलासुद्धा तो आहेच. पन्नास वर्षं ही भाषा बोलतोय, पण तिच्यात जागोजागी इतके मेले दडून बसलेत याची मला गंधवार्ता नव्हती.

५ फेब्रुवारी

घरी हे सांगण्याची चूक केली. बायकोने सकाळीच विचारलं, "अहो, मोजे कुठे टाकलेत? कपाटात काय झभला करून ठेवलाय!"

६ फेब्रुवारी

कंसबाई म्हणाल्या, शब्दाची सीमा दाखवणारी एक खूण असते. ती दोन्ही बाजूंना लावली की 'मेला' एकटा उभा असेल तरच सापडतो. लावली. मशीनने उत्तर दिलं : शून्य. सहाशे बारा पानांत कोणी मेला नाही म्हणे.

कारण ऐकून मी खुर्चीत बसलो. या यंत्राच्या लेखी काना आणि मात्रा ही अक्षरंच नाहीत. त्याला वाटतं 'मेला' हा शब्द 'ल'पाशीच संपतो आणि पुढे नुसता कचरा लोंबतोय. काना विसरणारे लेखक मी पाहिलेत. वेलांटीशी वैर असलेला एक कवी तर माझ्या ओळखीचा आहे. पण काना हे अक्षरच नव्हे असं तोंडावर सांगणारा हा पहिलाच.

"मग आपणच सांगू," कंसबाई म्हणाल्या, "की आधी आणि नंतर मोकळी जागा हवी, नाहीतर विरामचिन्ह. (कुठल्या तरी परक्या माणसाने बनवलंय, त्याच्यावर काय चिडायचं.)"

घमेलं वाचलं. पौर्णिमाही वाचली.

७ फेब्रुवारी

आता खरं काम : फक्त अवतरणचिन्हांच्या आतलं पकडायचं. साचा साधा आहे. आधी अवतरणचिन्ह, मग टिंब, मग तारा, मग पुन्हा अवतरणचिन्ह. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा. मी तो स्वतः लिहिला, कंसबाईंची मदत न घेता. मशीनने कळवलं : एकूण संवाद, एक.

ताईच्या कादंबरीत लोक दर अर्ध्या ओळीला भांडतात. एक कसा?

"सर, तारा हावरट असतो," कंसबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "पहिल्या पानावरच्या पहिल्या अवतरणापासून जो सुटला तो शेवटच्या पानावरच्या शेवटच्या अवतरणावर थांबला. मधलं सगळं त्याने एकाच घासात घेतलं. (माझ्या जावेसारखं. तिलाही मधे थांबता येत नाही.)"

"आणि उपाय?"

"ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्ह लागलं की तो आळशी होतो. पहिलं अवतरण दिसलं की तिथेच बसतो."

घरी आल्यावर हे कौतुकाने सांगितलं. बायको म्हणाली, "त्यात नवीन काय? तुम्हालाही कुठलाही प्रश्न विचारला की तुम्ही तिथेच बसता."

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ताईकडे गेलो. तिने दारातच सुरुवात केली. "ये मेल्या. चपला बाहेर. ही मेली कडी लागत नाही, जरा बघ. मेलं दूध उतू गेलं तुझ्या पायगुणाने." मी मोजत होतो. तासाभरात एकोणतीस. एकही शिवी वाटली नाही. पण समितीला सांगायला मी काही ताईला सोबत नेऊ शकत नाही.

चहा पिताना कादंबरीविषयी बोललो. मी या निमित्ताने ती पुन्हा वाचतोय. आई आमचीच आहे हे उघड आहे. थोरली बहीण म्हणजे ताई, यातही वाद नाही. पण 'धाकटा' हे पात्र मला पटत नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. हा इसम पेनांची टोपणं डब्यात साठवतो. बहिणीने पाठवलेलं पत्र लाल शाईने दुरुस्त करून तिला परत पाठवतो. स्वतःला शहाणा समजतो आणि साधी कडी त्याला बसवता येत नाही. असा माणूस असतो का कुठे?

ताईने कडीकडे पाहिलं. मी अजून तीच धरून उभा होतो.

"नसतो," ती म्हणाली. "मी आपला मनानेच रचला."

"वाचकाला खोटा वाटेल."

"वाटू दे. चहा निवतोय."

मीही एकेकाळी ताईची पत्रं दुरुस्त करून पाठवत असे. पण ते तिचं शुद्धलेखन सुधारावं म्हणून, त्यात तिचाच फायदा होता. तेव्हा ते वेगळं.

१० फेब्रुवारी

जमलं! अकराशे त्रेचाळीस मेले काही क्षणांत भले झाले. पहिली पन्नास पानं डोळ्यांखालून घातली. बोलण्यात सगळीकडे भला-भली, आणि अवतरणाबाहेरचा एकमेव मृत, पान चव्वेचाळीसवरचा पोस्टमन, नीट मेलेला. मालकांनी खांद्यावर हात ठेवला. आजवर त्यांनी तो फक्त सायकलवाल्याच्या खांद्यावर ठेवलेला पाहिला होता.

कंसबाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत बघून मग पाठवा. (ऐकणार नाहीत.)"

आयुष्यभर ओळ न् ओळ वाचली. एकदा तरी यंत्रावर विश्वास टाकून पाहू म्हटलं. दुपारी मजकूर समितीला पाठवला. एक छापील प्रत स्वतःसाठी काढून पिशवीत ठेवली. आज पान खाल्लं असतं, पण दातांच्या डॉक्टरांनी मनाई केलीय.

१३ फेब्रुवारी

काल ताईचा दुसरा डोळा झाला. पट्टी बांधलीय, आठवडाभर वाचायचं नाही. ती बरी आहे. मी नाही.

समितीच्या सचिवांचा फोन आला. आवाज अतिशय सभ्य.

"पहिली दोनशे बारा पानं आमच्या सूचनेबरहुकूम आहेत. मात्र दोनशे तेरापासून पात्रं पुन्हा पहिल्यासारखी बोलतात."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"तो शब्द मी फोनवर उच्चारू इच्छित नाही. दुसरं असं, की त्या पानापासून निवेदनात कोणीच... म्हणजे... मी वाचूनच दाखवतो. 'आजोबा पहाटे भले.' 'साथीत एकट्या त्या गल्लीत चाळीस माणसं भली.' 'सावकाराचा बैल भला, तेव्हा तो ढसाढसा रडला.' आमच्या एका सभासदांचं म्हणणं आहे की हा मृत्यूकडे पाहण्याचा आशावादी दृष्टिकोन आहे. आपलाही तसाच हेतू होता का?"

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा "हो आणि नाही". त्यांनी अठरापर्यंत मुदत दिली. मग म्हणाले, "आमच्या अध्यक्षबाईंचा पाय मोडलाय. त्या घरी पडून हीच प्रत वाचताहेत. त्यांचं मत अजून कळलेलं नाही."

ताईने सांगितलं होतं, एक जरी माणूस चुकून जिवंत केलास तर. मी साठ केलेत आणि वर एक बैल.

१४ फेब्रुवारी

कंसबाईंनी एका मिनिटात निदान केलं. पुस्तकातली सगळी अवतरणचिन्हं मोजली. नऊ हजार चारशे सात.

"विषम," मी म्हणालो.

"विषम. कुठेतरी एक उघडलंय आणि मिटलेलं नाही. आपल्या टंकात उघडणारं आणि मिटणारं चिन्ह एकसारखंच दिसतं. मशीन नुसतं मोजतं : एक आत, एक बाहेर. एक चुकलं की तिथून पुढे आतलं ते बाहेर आणि बाहेरचं ते आत. (शर्ट उलटा घालून दिवसभर हिंडल्यासारखं.)"

ज्या परिच्छेदात चिन्हं विषम, तो दाखव म्हटलं. एकच आला. पान दोनशे तेरा. आई अंथरुणावर आहे, धाकटा घरात नाही, ती त्याला हाक मारते. पानावर असं आहे :

"धाकट्या, मेल्या, जेवलास का, नाहीतर

आई मेली.

चिन्ह उघडलेलं, मिटलेलं नाही. माझी जुनी तपासणी काढून पाहिली. मागच्या पानावर सात लाल खुणा, पुढच्यावर अकरा. दोनशे तेरावर एकही नाही. सत्तावीस वर्षांत असं झालेलं नाही. त्या दिवशी या पानाशी आलो तेव्हा डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, इतकं आठवतं. पंख्याची धूळ असणार. मालक पंखे पुसून घेत नाहीत.

"जुळणी करताना माझ्या लक्षात आलं होतं," कंसबाई म्हणाल्या. "पण वहीत तसंच होतं. (मला वाटलं, मुद्दाम असेल.)"

"मुद्दाम कोण चूक करतं?" मी 'नाहीतर'पुढे तीन टिंबं दिली आणि अवतरण मिटवलं. नऊ हजार चारशे आठ. इतका सुंदर सम आकडा मी आजवर पाहिला नव्हता.

१५ फेब्रुवारी

ताईला वाटलं होतं आनंद होईल.

ती खुर्चीत बसली होती, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात काठी नसताना काठी असल्यासारखी. मी सगळं सांगितलं. साठ माणसं, बैल, विषम आकडा. बैलाला ती हसली. मग मी म्हणालो, "आणि तुझी चूक सापडली. दोनशे तेरावर अवतरण मिटवायचं राहिलं होतं. मिटवलं."

"उघड," ती म्हणाली.

"काय?"

"जे मिटवलंस ते उघड. आत्ता फोन कर आणि उघडायला सांग."

"ताई, नियम असा आहे की..."

"नियम तुझ्यापाशी ठेव. मी तिथे होते मेल्या. ती बोलत होती. 'नाहीतर' म्हणाली आणि राहिली. नाहीतर काय, ते कोणाला माहीत आहे? तुला आहे? तिचं वाक्य संपलं नाही, आणि तू कोण मिटवणारा?"

"पण त्यामुळे पुढचं सगळं पुस्तक उलटं होतंय! तीनच दिवस राहिलेत!"

"मग नका छापू. वह्या दे माझ्या परत."

मी उठलो. ती मागून म्हणाली, "धाकटा कुठे गेला होता तेव्हा, वाचलंस ना पुढे? कोपऱ्यावरच्या दुकानाची नवी पाटी लागली होती, तिच्यावरची वेलांटी चुकलीय म्हणून रंगाऱ्याशी भांडायला गेला होता."

वाचलं होतं. आई गेली त्या दुपारी मीसुद्धा एका पाटीपाशीच होतो, योगायोगाने. पण ती वेलांटी खरोखर चुकीची होती. 'किराणा'ला दीर्घ की. मी ती बदलवून घेतली. ती पाटी अजून बरोबर आहे.

घरी आलो. जेवलो नाही. बायको काही बोलली नाही, यावरून काय ते समजावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच कंसबाईंच्या घरी फोन केला. बहीण म्हणते उघडं ठेव, मशीन म्हणतं मिटव, मी काय करू?

"दोन तुकडे करा," त्या म्हणाल्या. "'नाहीतर'पर्यंत एक, तिथून पुढे दुसरा. दोन्हीकडे वेगवेगळं चालवा आणि मग जोडा. उघडं राहिलं तरी बिघडत नाही. (भांडायच्या आधी विचारलं असतंत तर.)"

इतकं सोपं असेल तर माणसाचा किती अपमान होतो! कंसबाई रविवार असून ऑफिसात आल्या, अवतरण उघडलं, दोन तुकडे केले आणि नऊ हजार चारशे सातवर परत आलो. या वेळी मी पडद्यावर सहाशे बारा पानं वाचली. भले सगळे आत, मेले सगळे बाहेर. बैलही गेला.

१७ फेब्रुवारी

उद्या पाठवण्याआधी ताईला वाचून दाखवायचं ठरवलं. पिशवीतली छापील प्रत काढून सुरुवात केली. पान एकपासून मी वाचतोय, ती डोळा मिटून ऐकतेय.

"भल्या, दार लाव." "भली मेली वीज गेली" असं चुकून माझ्याच तोंडून गेलं. "भलं नशीब माझं." "ये भल्या, बस भल्या."

विसाव्या पानावर ती म्हणाली, "थांब जरा. ही कोण माणसं?"

"तुझीच."

"माझी नव्हेत. माझ्या घरात असं कोणी बोलत नाही. ही सगळी समितीची माणसं वाटतात. चहा झाल्यावर ठराव करतील."

मी वाचत राहिलो. तिचा चेहरा पडत गेला. जेवण झालं, पुन्हा बसलो. साडेतीनला दोनशे तेरावर आलो. आईचं वाक्य वाचलं. 'नाहीतर'पाशी थांबलो, चिन्ह मिटवल्याचा भासही होणार नाही असा. मग पुढची ओळ वाचली.

"आई भली."

आणि जीभ चावली. पिशवीत दहा तारखेची, बिघडलेली प्रत होती! याच ओळीपासून ती उलटी होते. "चूक आहे, ताई, ही जुनी प्रत, इथून पुढे सगळे मेलेले भले झालेत, पडद्यावर मी कालच दुरुस्त..."

"पुन्हा वाच."

"अगं, अर्थच लागत नाही. भली काय? क्रियापद कुठाय?"

"वाच म्हटलं ना."

"आई भली."

खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता. ताई पट्टीच्या कडेने बोट फिरवत म्हणाली, "अकरा वर्षं ती ओळ लिहून खोडत होते. मेली, गेली, वारली. आणि तुझ्या त्या फुटक्या मशीनने बरोबर लिहिली. राहू दे."

"व्याकरण..."

"राहू दे मेल्या."

पट्टी ओली होऊ द्यायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, तुझं तू बघ.

निघताना दारात म्हणाली, "उद्या पाठव तसंच. भल्या तर भल्या. पुस्तक तर होईल." मला तिचा हा समजूतदार आवाज आवडला नाही. तिला तो शोभतही नाही.

१८ फेब्रुवारी

दुरुस्त मजकूर तयार ठेवला. 'आई भली' हाताने घातलं, मनाविरुद्ध. दहाला पाठवायचा होता. सव्वादहा, साडेदहा, हात बटणावर जाईना. पहिल्या ओळीतलंच "भल्या, दार लाव" वाचत बसलो. मालक दोनदा डोकावून गेले.

अकराला फोन आला. सचिव नव्हते. बाईंचा आवाज, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"मी समितीची अध्यक्ष. पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणून तुमचं सगळं पुस्तक वाचलं. नाहीतर सहाशे पानं कोण वाचतं? मला एक सांगा, दोनशे बारा पानं हे लोक एकमेकांना भल्या भल्या का करताहेत?"

"आपल्याच समितीचं पत्र..."

"ते सचिवांनी धाडलंय. त्यांना शिव्या खायची सवय नाही. नीट ऐका. दोनशे बारा पानं मला झोप येत होती. दोनशे तेरावर ती आई गेली, आणि तिथून पुढे माणसं 'मेल्या' म्हणत बोलायला लागली. मग मी मोडका पाय विसरून पहाटेपर्यंत जागी. पुढची सगळी जशी बोलतात तशीच आधीचीही बोलली पाहिजेत. तरच आम्ही घेऊ."

"आणि मेलेली माणसं?"

"त्यांना मरू द्या की. बैलालासुद्धा. पण एक, त्या आईचं 'आई भली' आहे ना, त्याला हात लावाल तर याद राखा."

फोन ठेवला. मालक म्हणाले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

कंसबाईंनी मूळ फाइल उघडली. त्यात एक शब्द बदलला आणि पाठवली. पंधरा दिवस, आळशी तारा, हावरट तारा, नऊ हजार चारशे सात चिन्हं, आणि शेवटी सहाशे बारा पानांत बदल किती, तर एक शब्द. तोही अशुद्ध.

ताईला फोन करून सांगितलं. ती पलीकडून इतक्या वेळा मेल्या म्हणाली की मी मोजणं सोडून दिलं.

२७ मार्च

छापखान्यातून फोन. "साहेब, दोनशे तेरावर अवतरण मिटवायचं राहिलंय. मशीन थांबवलंय. मिटवू का?"

सत्तावीस वर्षं मी या एका प्रश्नाला एकच उत्तर देत आलो.

"हात लावू नका," म्हणालो.

"पण चूक आहे साहेब."

"तिचं बोलणं व्हायचंय अजून."

मला वेड लागलं असं त्याला वाटलं असणार. कंसबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि एकदाचं त्यांनी हळूच काहीच म्हटलं नाही.

३ एप्रिल

पुस्तक आलं. ताईकडेच आहोत, बायको आणि मी. ताईने दोन्ही डोळ्यांनी ते बघितलं, मग वास घेतला, मग थेट दोनशे तेरा काढून बोटाने चाचपलं. चिन्ह उघडंच आहे. आता स्वयंपाकघरातून तिचे आणि बायकोचे हसण्याचे आवाज येताहेत. विषय कडीचा असावा.

अर्पणपत्रिका मला आधी दाखवलीच नव्हती. एकच शब्द आहे : 'धाकट्यास'. काल्पनिक पात्राला कोणी पुस्तक अर्पण करतं का? वाचकाचा गोंधळ होईल. पुढच्या आवृत्तीत बदलायला सांगायला हवं. समासात लाल खूण करणार होतो, पण पेनाचं टोपण सापडत नाहीये. आणि आतून ताई ओरडतेय, "मेल्या, जेवलास का, नाहीतर